‘देशात पहिल्यांदाच!’ मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागाच्या बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी’ अशी बातमी छापून आली की पुढच्या ओपीडीला लोक कात्रण घेऊन येतात. आमच्या आईचं होईल का, किती खर्च, तेच डॉक्टर करतील का? हे प्रश्न पुन:पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, शेवटाकडे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला सर्जरी विभाग इतरांपेक्षा वेगळा कसा?

इथे उपचारांसोबत शिकवणं आणि संशोधन ही कामंही चालतात. मुंबईतलं जेजे हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी (१८४५) जोडलेलं आहे, केईएम हे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजशी (१९२६) आणि पुण्याचं ससून हे बी. जे. मेडिकल कॉलेजशी (१९४६).

विभागाची वाटणी युनिटांमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या ठरलेल्या गटांमध्ये, असते. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार, ऑपरेशनचा वार आणि इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. केस पेपरवर युनिट लिहिलेलं असतं आणि या इमारतीत तोच तुमचा पत्ता. मंगळवारच्या युनिटचा पेपर घेऊन गुरुवारी गेलात तर परत पाठवतात, कारण तुमच्या तपासण्या आणि ऑपरेशन टेबलाचा नंबर दुसऱ्या युनिटकडे असतो.

बातमीत न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मृत्यू आणि गुंतागुंतींवरची अंतर्गत बैठक. कोणता रुग्ण का दगावला, टाका का सुटला, रक्तस्राव उशिरा का लक्षात आला, याचा जाब तिथे ज्येष्ठांनाही द्यावा लागतो. विभागाची पारख करायची तर आमच्या मते ती या बैठकीवरून करावी. सत्काराच्या फोटोवरून ती होत नाही.

२. बातमीत नाव मोठ्या प्राध्यापकांचं असतं. माझं ऑपरेशन ‘शिकाऊ’ डॉक्टर करणार का?

‘शिकाऊ’ हा शब्द थोडा फसवा आहे. निवासी डॉक्टर एमबीबीएस झालेले असतात आणि एमएसची, म्हणजे सर्जरीतल्या पदव्युत्तर शिक्षणाची, तीन वर्षं करत असतात. पहिल्या वर्षी हिस्ट्री (आजाराची माहिती विचारून लिहिणं), ड्रेसिंग, सलाईन आणि टेबलावर रिट्रॅक्टर (छेद उघडा ठेवणारं अवजार) धरणं. मग गळू, लहान गाठी. त्यानंतर वरिष्ठ समोर उभे असताना हर्निया, अपेंडिक्स. सुपरस्पेशालिटीसाठी एमसीएचची आणखी तीन वर्षं असतात.

मोठ्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनला असिस्टंट, असोसिएट किंवा प्रोफेसर दर्जाचा सर्जन टेबलाशी असतो. काही टप्पे त्यांच्या नजरेखाली निवासी डॉक्टर करतात. रात्रीच्या इमर्जन्सीत हे प्रमाण बदलतं. तुम्हाला विचारायचा हक्क आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी सरळ विचारा: “मुख्य सर्जन कोण, आणि टेबलाशी सिनियर कोण असतील?” उत्तर नावानिशी मिळायला हवं.

रोजचा ओळखीचा डॉक्टर अचानक दिसेनासा झाला तर घाबरू नका. एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं.

३. ‘देशात पहिल्यांदाच’ याचा अर्थ ती सर्जरी आता सर्रास होते असा घ्यायचा का?

नाही. पहिली केस फक्त एवढं सांगते की हे करता येतं.

केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं ते डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे मधे जेमतेम अडीच महिने. परळच्या महापालिका रुग्णालयासाठी हा पराक्रमच होता. पण रुग्ण काही तासच जगला, आणि भारतात यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट १९९४ उजाडला. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं.

मधली २६ वर्षं हात कमी पडला म्हणून गेली नाहीत. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून लागणारं सायक्लोस्पोरिन १९८०च्या दशकात वापरात आलं. शिवाय हृदय धडधडत असतानाच मेंदू मृत झाल्याचं मान्य करणारा कायदा हवा होता. तो १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा. फेब्रुवारी १९९५ पासून तो सर्वात आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. सर्जनचं कौशल्य, औषध आणि कायदा या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच ‘पहिली’ केस ‘नेहमीची’ होते.

म्हणून कात्रण घेऊन गेलात तर एकच प्रश्न आधी विचारा: “या बातमीनंतर अशा किती केसेस झाल्या?”

४. दुर्बिणीने पित्ताशय काढतात ते आता कुठेही होतं. त्याची कधी बातमी झाली होती का?

झाली होती. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी नाकं मुरडली. भारतात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जेजेत ती शस्त्रक्रिया केली. पोटात फक्त पाहण्यासाठी दुर्बीण घालण्याचं काम ते १९७०च्या दशकापासून करत होते, त्यामुळे यंत्र आलं तेव्हा हात तयार होता.

आजची पद्धत अशी. भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. बहुधा चार छिद्रं, दोन १० मिमीची आणि दोन ५ मिमीची. कॅमेरा बेंबीतून. ऑपरेशननंतर खांदा दुखतो तो पोटात उरलेल्या वायूमुळे. हालचाल सुरू केली की एक-दोन दिवसांत जातो. पोटात दुखतंय, ताप आहे, डोळे पिवळे वाटतात, असं झालं तर मात्र ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबू नका.

यात सर्वात मोठा धोका मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याचा. तो टाळायला सर्जन काहीही कापण्याआधी तीन गोष्टी पाहतात: त्या भागातली चरबी आणि पडदे साफ झाले, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटला, आणि पित्ताशयात दोनच गोष्टी शिरताना दिसतात, एक नळी व एक धमनी. सूज असेल तर हे चित्र मिळत नाही. मग शहाणा सर्जन पोट उघडतो किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवतो. ‘दुर्बिणीचं सांगून पोट फाडलं’ ही तक्रार आमच्याकडे सर्वाधिक येते. बहुतेक वेळा तो निर्णय रुग्णाला वाचवणारा असतो, आणि संमतिपत्रात ती शक्यता आधीच लिहिलेली असते.

५. रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का?

नाही. सर्जन कन्सोलवर (यंत्र चालवायच्या टेबलावर) बसतो आणि यंत्राचे हात त्याच्या बोटांच्या हुकमानं हलतात. फायदा असा की अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, चित्र त्रिमितीय दिसतं आणि हाताचं कापरं गाळलं जातं. तोटा असा की बहुतेक यंत्रांत ऊतीचा स्पर्श जाणवत नाही. अमेरिकेत द विंची या रोबोटला २००० मध्ये मान्यता मिळाली. आता एसएसआय मंत्रासारखं देशी यंत्रही आहे. प्रोस्टेट किंवा गुदाशयासारख्या ओटीपोटातल्या अरुंद जागेत यंत्राला अर्थ आहे. साध्या पित्ताशयासाठी जादा पैसे मागितले तर ‘फायदा काय’ हे विचाराच.

६. छोटी छिद्रं आणि नवं यंत्र हे नेहमी चांगलंच ना?

इथेच लोक फसतात, आणि डॉक्टरही फसले होते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात गर्भाशय दुर्बिणीने किंवा रोबोटने काढावं अशी पद्धत जगभर रूढ झाली होती. मग ६३१ स्त्रियांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी रोग न परतलेल्या स्त्रिया पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, छोट्या छिद्रांच्या गटात ८६ टक्के. त्यानंतर अनेक ठिकाणी पुन्हा पोट उघडूनच ऑपरेशन होऊ लागलं. हाच निष्कर्ष आतड्याच्या कर्करोगाला किंवा हर्नियाला लावू नका, तिथलं गणित वेगळं आहे.

७. ‘१०० टक्के यश’ असं छापतात. ते खरं कसं तपासायचं?

आकड्यामागचे तीन तपशील मागा: एकूण किती रुग्ण, किती दिवसांपर्यंत पाहिलं, आणि ‘यश’ कशाला म्हटलं. घरी सोडलं म्हणजे यश की ३० दिवस जिवंत म्हणजे यश? कर्करोगात पाच वर्षं पाहावी लागतात, हर्नियात तो पुन्हा आला का हे काही वर्षांनीच कळतं.

एक सोपी युक्ती आहे. एकही वाईट घटना घडली नसेल तर ३ ला रुग्णसंख्येने भागा. ३० रुग्णांत एकही मृत्यू नाही, तरी खरा धोका १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३०० रुग्णांत एकही नाही, तर एक टक्क्यापर्यंत. म्हणूनच पाच केसेसवरचं ‘१०० टक्के’ आम्ही फार मनावर घेत नाही.

उलटी चूकही करू नका. ज्या विभागाकडे फुटलेली आतडी, उशिरा आलेले अपघात आणि बाहेरून बिघडवून पाठवलेल्या केसेस येतात, त्याचे आकडे निवडक रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयापेक्षा वाईट दिसणारच.

८. मग आपल्याकडच्या सर्जरी विभागांचं जगानं स्वीकारलेलं काम कोणतं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, म्हणून उत्तर जरा लांबच देतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधली तीन कामं पाहा. तिन्हींमध्ये चकचकीत यंत्र नाही.

पहिलं तोंडाच्या कर्करोगाचं. तंबाखू, गुटखा, मशेरीच्या या प्रदेशात हा रोज दिसणारा आजार. जिभेवर किंवा गालात लहान गाठ आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की गाठ दिसल्यावर पाहावं? यावर पन्नास वर्षं वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. ५०० रुग्णांचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: आधीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचला. त्यामुळे ‘तोंडातली गाठ एवढीशी, मग मान का कापली?’ याचं उत्तर आता आकड्यांत देता येतं.

दुसरं, ऑपरेशन न करण्याचं. स्तनाचा कर्करोग हाडांत किंवा यकृतात पसरल्यावरही स्तनातली मूळ गाठ काढली तर आयुष्य वाढेल, असं अनेकांना वाटे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पथकाने ३५० स्त्रियांवर ते तपासलं (२०१५). आयुष्य वाढलं नाही. आता गाठ फुटून जखम झाली किंवा रक्त येतंय तेव्हा काढतात, आयुष्य वाढेल या आशेवर नाही. एक मोठं ऑपरेशन अनावश्यक ठरवणं हाही पराक्रमच, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

तिसरं २०२३ चं. स्तनाची गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी तिच्या भोवती लिडोकेन टोचायचं. दात काढताना बधिर करायला देतात तेच हे औषध. सुमारे १,६०० स्त्रियांत पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च अगदी किरकोळ. मात्र ही गाठ काढण्याआधी केमोथेरपी न घेतलेल्या, थेट ऑपरेशन होणाऱ्या स्त्रियांवरची चाचणी होती. केमो आधी झाली असेल तर हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

९. ऑपरेशनच्या आधी सगळे पुन:पुन्हा नाव का विचारतात? त्यांना माहीत नसतं का?

माहीत असतं. ती जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची तपासणी यादी आहे: १९ मुद्दे, तीन थांबे. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि टेबलावरून हलवण्याआधी. नाव, बाजू (डावी की उजवी), ॲलर्जी, अँटिबायोटिक छेदाआधीच्या तासाभरात दिलं का, शेवटी कापसाच्या पट्ट्या आणि अवजारं मोजून जुळली का. दिल्लीसह आठ शहरांतल्या अभ्यासात ही यादी वापरल्यावर मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांत यादी सक्तीची झाली तेव्हा फारसा फरक पडला नाही. कागदावर नुसत्या खुणा करून यादी काम करत नाही, मोठ्याने वाचावी लागते. म्हणून वैतागू नका. विचारतील तितक्या वेळा नाव आणि बाजू सांगा.

१०. ‘चाचणीत सहभागी व्हा’ म्हणतात. आमच्यावर प्रयोग करणार का?

नकार दिलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि मधेच बाहेरही पडता येतं. विचारायच्या गोष्टी: एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक काय, मराठीतली माहितीपत्रिका कुठे आहे. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. प्रश्न ८ मधली तिन्ही कामं अशाच रुग्णांच्या होकारावर उभी राहिली.

११. तारीख मिळूनही ऑपरेशन पुढे का ढकलतात?

नेहमीची कारणं: रात्री आलेल्या अपघातांनी टेबल अडवलं, आयसीयूत खाट नाही, रक्ताची सोय झाली नाही, साखर किंवा रक्तदाब वर, सर्दी-खोकला-ताप, किंवा सकाळी चहा प्यालात. शेवटची दोन कारणं तुमच्या हातात आहेत. सर्दी-ताप आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे तुमच्या जागी दुसऱ्याचं होईल आणि तुम्हाला नवी तारीख लवकर मिळेल. नावावर रक्तदाता आणायला सांगितलं असेल तर ऑपरेशनच्या सकाळची वाट पाहू नका.

१२. उपाशी राहायचं म्हणजे नेमकं किती? आणि गोळ्यांचं काय?

जेवण, नाश्ता, दूध: किमान ६ तास आधी बंद. तेलकट किंवा मटणाचं जेवण असेल तर ८ तास. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला ४ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो जेवणाच्या हिशेबात. तंबाखू, मशेरी, सुपारी त्या दिवशी अजिबात नको. सिगारेट चार आठवडे आधी सोडली तर छातीत कफ साचण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका कमी होतो.

गोळ्यांत सर्वात जास्त चुका मधुमेहाच्या होतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी रक्तात आम्ल साचतं आणि साखर मात्र जवळपास नॉर्मल दिसते, त्यामुळे पकडता येत नाही. सेमाग्लुटाइडचं (मधुमेहाचं किंवा वजन कमी करण्याचं) इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच, जठर उशिरा रिकामं होतं. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी बहुधा पाच ते सात दिवस आधी बंद करतात, पण हृदयात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुठलीही रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. सोपा उपाय: सगळ्या पाकिटांची पिशवी, आयुर्वेदिक आणि हर्बलसकट, ओपीडीत नेऊन टेबलावर ठेवा.

१३. खर्च? योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या यादीतल्या शस्त्रक्रियांना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार आणि तपासण्या घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जा. पूर्वपरवानगी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. बातमीतली ‘पहिलीच’ शस्त्रक्रिया यादीत असेलच असं नाही, हेही त्यालाच विचारा.

१४. डुकराची किडनी बसवल्याच्या बातम्या आल्या. आमच्या वडिलांना मिळेल का?

आज तरी नाही. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय बसवलं, रुग्ण सुमारे दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जिवंत माणसाला तशीच किडनी बसवली. तिच्यात ६९ जनुकीय बदल होते, आणि हाही रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी गेला. प्रश्न ३ मधलं १९६८ आठवा, टप्पा साधारण तोच.

आज करण्यासारखं: रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे प्रतीक्षायादीत नोंद. घरात पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं देऊ शकतात. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल कायदेशीर आहे.

१५. ऑपरेशन चालू असताना दुसरंच काही सापडलं, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकाची सही पुरते का?

रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर पुरत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हे स्पष्ट केलं. अपवाद जीव वाचवण्याचा. तिथे थांबणं धोक्याचं असेल तर डॉक्टर पुढे जाऊ शकतात. बेशुद्ध आणि एकट्या आणलेल्या अपघातग्रस्ताचं ऑपरेशन सहीवाचून अडत नाही ते याच आधारावर. प्रश्न ४ मधलं ‘दुर्बिणीवरून पोट उघडणं’ यात येत नाही, कारण त्याची संमती आधीच घेतलेली असते.

१६. आमच्या केसची बातमी करायची म्हणतात. नाही म्हणता येतं का?

येतं. ऑपरेशनची संमती आणि फोटो-व्हिडिओची संमती हे दोन वेगळे कागद आहेत. फक्त शिकवण्यासाठी द्यायची की वर्तमानपत्रासाठीही, तेही वेगळं लिहून घ्या.

१७. डिस्चार्ज मिळाला. आता काय सांभाळायचं?

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख, काय सापडलं आणि काय ठेवलं (जाळी, स्टेंट, नळी) हे लिहिलंय का ते वॉर्डातच वाचा. मूत्रनलिकेतला डीजे स्टेंट (तात्पुरती ठेवलेली बारीक नळी) कधी काढायचा ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून घ्या. विसरलेला स्टेंट पुढे खडा धरतो आणि मग तो काढणं हेच नवं ऑपरेशन होतं.

काढलेला भाग तपासायला पॅथॉलॉजीत जातो. साधा वाटणारा पित्ताशयही जातो, कारण त्यात क्वचित कर्करोग निघतो. रिपोर्ट साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो आणि बऱ्याचदा न नेलेला तसाच पडून राहतो. पॅथॉलॉजीचा नमुना क्रमांक केस पेपरवर टिपून घ्या आणि टाके काढायला याल त्या दिवशी रिपोर्ट मागा.